दोन किल्ल्यांचं कपाट

"माणूस चांगला की वाईट, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे," असं हेडकॅशियर नेहमी म्हणायचे. "त्याच्याकडे किल्ल्या किती आहेत ते सांगा, मग पुढचं बोलू."

बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला असं बोलायचा हक्क आहे. त्यांच्या शाखेतल्या तिजोरीला दोन किल्ल्या होत्या. एक हेडकॅशियरांकडे, दुसरी मॅनेजरकडे. दोघं एकत्र समोर उभे राहिल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. आजवर मॅनेजर पुष्कळ आले आणि गेले. काही सज्जन होते, एकदोन अगदीच ओवाळून टाकलेले होते, पण तिजोरीतला एक पैसा कधी इकडचा तिकडे झाला नाही. याला बँकेत जॉइंट कस्टडी म्हणतात. हेडकॅशियर हे दोन शब्द असे उच्चारायचे की समोरच्याला बसल्या जागी अवघडल्यासारखं व्हायचं.

तर साथ आली आणि सगळं जग घरात येऊन बसलं. ठकीची शाळाही घरात आली. ठकी म्हणजे हेडकॅशियरांची मुलगी. बारशाला नाव चांगलं भारदस्त ठेवलेलं होतं, पण ते हजेरीपुरतं. घरात आणि जिन्यात ती ठकीच. शाळेचं शेवटचं वर्ष होतं तिचं. वर्षअखेरीच्या एकाच परीक्षेवर पुढे कोणती शाखा मिळणार ते ठरायचं होतं, आणि ठकीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यांच्या घराण्यात आजवर कुणी जनावरांच्या वाटेला गेलं नव्हतं, आणि जनावरंही सहसा यांच्या वाटेला जात नसत. तरी मुलीने एवढं मनावर घेतलंय म्हटल्यावर हेडकॅशियर "बघू" म्हणाले होते. बँकेतला माणूस "बघू" म्हणतो तेव्हा ते जवळजवळ मंजूर झालेलं असतं.

बँकेने पन्नाशीपुढच्या लोकांना घरी बसवून ऑनलाइन प्रशिक्षणाला लावलं होतं. त्यामुळे जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ठकी लॅपटॉप उघडून शाळेत बसायची आणि दुसऱ्या टोकाला हेडकॅशियर बँकेचा लॅपटॉप उघडून प्रशिक्षणात. आतल्या खोलीत ठकीची आई एका कुरिअर कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायची. दिवसभर तापलेल्या लोकांना "तुमची अडचण मी समजू शकते" असं सांगण्याची ती नोकरी. लग्नाला इतकी वर्षं झाल्यामुळे तिला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

एके सकाळी पालकांच्या ग्रुपवर वर्गशिक्षिकांचा निरोप आला. ऑनलाइन वर्गात मुलांचं लक्ष नसतं, सबब पालकांनी मुलांमध्ये स्वयंशिस्त रुजवावी. त्या वेळी हेडकॅशियरही स्वयंशिस्तीवरच व्याख्यान ऐकत होते, म्हणजे व्याख्यान टेबलावर चालू होतं आणि टेबलाखाली, मांडीवर, ते फोनवर रंगीत गोळ्या फोडत होते. या गोळ्यांचा नाद त्यांना साथीच्या दिवसांतच लागला होता. निरोप वाचून त्यांनी मान वर केली, तर समोर ठकीची मान खाली, फोनमध्ये.

"काय चाललंय?"

"बाबा, ही मांजर औषध घेत नाहीये. तिला कसं पाजायचं ते दाखवतायत."

"आत्ता तास कशाचा आहे?"

"भूमितीचा."

"भूमितीत मांजर येते?"

"नाही येत," ठकी प्रामाणिकपणे म्हणाली.

हेडकॅशियरांनी आपला डाव मिटवला. हरत आले होते, त्यामुळे फारसं जड गेलं नाही. मग ते उभे राहिले आणि या घरात स्वयंशिस्त आजपासून रुजेल, असं त्यांनी जाहीर केलं. सकाळी शाळा सुरू होण्याआधी ठकीचा फोन कपाटात जाईल. कपाटाला दोन कुलुपं. एक किल्ली आपल्याकडे, दुसरी बाहेरच्या माणसाकडे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कपाट उघडणार नाही.

"माझा एकटीचाच का?" ठकी म्हणाली. "तुमचाही ठेवा की."

"माझा कामाचा आहे."

आतून ठकीच्या आईचा आवाज आला, "अहो, परवा प्रशिक्षणात माइक चालू राहिला आणि तुम्ही 'फुटली, फुटली' म्हणून ओरडलात. काय फुटलं म्हणून साहेबांनी विचारलं, तर बरणी म्हणालात. ठेवा तुमचाही."

हेडकॅशियरांना हे लागलं. बायकोने घरात काय वाटेल ते बोलावं, पण मुलीसमोर बरणीचा विषय काढायला नको होता. तरी नियम सगळ्यांना सारखा, हे बँकेचंच तत्त्व असल्यामुळे त्यांना माघार घेता येईना. "ठेवतो," ते म्हणाले. "मला काय फरक पडतो?"

कपाट लाकडी होतं, बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभं. या जागेत राहायला आले तेव्हा ठकीने आणि तिच्या आईने ते सुटं करून, तुकड्या-तुकड्याने जिन्यावरून वर चढवलं होतं आणि परत जोडलं होतं. हेडकॅशियर खाली टेम्पोपाशी उभं राहून "सांभाळून, सांभाळून" असं म्हणण्याचं काम पाहत होते. कपाटाला एक कडी होती, दुसरी बसवायला हवी होती. सुतार मिळायचे ते दिवस नव्हते. हेडकॅशियर ड्रिल मशीन मागायला सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले, आणि आपण काय करतोय ते त्यांना सांगून बसले. ही मोठीच चूक झाली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला बातमी होती. सेक्रेटरींनी ड्रिल दिलं, पण आकड्यांचं कुलूप घ्या असा आग्रह धरला. त्यांनी स्वतः असं कुलूप घेतलं होतं, आकडा विसरले होते, आणि सायकल अजून जिन्याखाली बांधलेली होती, तरी कुलूप उत्तम असं त्यांचं ठाम मत. तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "कुलूप कशाला? फोन उशीत घाला आणि शिवून टाका. उसवायच्या कंटाळ्यानेच माणूस सुधारतो." वरच्या मजल्यावरच्या निवृत्त फौजदारांना कुणी विचारलं नव्हतं. ते जिन्यात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दुसरी किल्ली माझ्याकडे द्या. माझ्याकडून आजवर कोणी काही काढून घेतलेलं नाही."

असा माणूस शोधूनही मिळाला नसता. हेडकॅशियर खूश झाले.

कडी बसवण्याचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला आणि बराच वेळ चालला. पहिलं भोक चुकलं. दुसरं बरोबर पडलं, पण हेडकॅशियरांच्या बाहीसकट. ड्रिलच्या आवाजाने ठकीच्या वर्गात बाईंनी कुणाच्या घरी काय पडतंय म्हणून चौकशी केली आणि आतल्या खोलीत कुरिअरचा एक ग्राहक ठकीच्या आईला म्हणाला की, बाई, तुमची अडचण मी समजू शकतो. शेवटी कडी बसली. जरा तिरकी बसली, पण बसली. हेडकॅशियरांनी दोन्ही कुलुपं ओढून पाहिली, चार पावलं मागे जाऊन पाहिली, आणि ठकीला म्हणाले, "उघड बघू."

ठकीने कपाटाकडे पाहिलं. मग तिने आईकडे पाहिलं. आईने मान वळवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"नाही उघडत," ठकी म्हणाली.

"उघडणारच नाही!" हेडकॅशियर म्हणाले.

पुढच्या दिवसापासून शिस्त सुरू झाली. सकाळी आठला दोन्ही फोन कपाटात जायचे, दोन कुलुपं लागायची, एक किल्ली हेडकॅशियरांच्या खिशात, दुसरी जिन्यातल्या स्टुलावर. हेडकॅशियर मागे सरकले की फौजदार मास्क लावून खाली उतरत, किल्ली उचलत आणि पायजम्याच्या आतल्या खिशात टाकत. जेवणाच्या वेळी हेच सगळं उलट्या क्रमाने.

ठकी गप अभ्यासाला लागली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलंच नाही. घडलं ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्याच दिवशी हेडकॅशियरांना कळलं की व्याख्यान नुसतं ऐकायचं म्हटलं तर ते फार लांब असतं. त्यांचा पाय हलायला लागला. टेबल हलायला लागलं. ठकीची वर्तुळं अंड्यासारखी येऊ लागली. हात सवयीने मांडीवर जायचा आणि रिकामा परत यायचा. कपाटात फोन वाजला की ते अर्धे उठायचे. "बँकेचा असेल," ते म्हणायचे. "असेल," ठकी मान न उचलता म्हणायची.

अखेर न राहवून एका सकाळी ते वर गेले आणि फौजदारांचं दार वाजवलं.

"जरा किल्ली द्या. बँकेचं तातडीचं काम आहे."

"एकटेच आलात?" फौजदारांनी दाराच्या फटीतून विचारलं.

"मग?"

"तुमचाच नियम आहे, कॅशियर. दोन्ही फोनवाले समोर हजर पाहिजेत. मुलीला घेऊन या, मुलगी हो म्हणाली तर देतो."

हेडकॅशियर खाली आले. ठकीच्या खुर्चीमागे घुटमळले. मग अगदी मायेने म्हणाले, "ठके, तुला फोन हवाय का गं जरा वेळ?"

"नको बाबा."

"मांजरीचं काय झालं पुढे, बघायचं असेल तर बघ हो."

"जेवताना बघेन."

"संकोच करू नकोस."

"नको म्हटलं ना, बाबा!"

हेडकॅशियर परत जाऊन स्वयंशिस्तीचा उत्तरार्ध ऐकायला बसले. मुलगी सुधारली याचा आनंद त्यांना व्हायला हवा होता. पण त्या क्षणी तरी त्यांना तिचा रागच आला.

दिवस जात राहिले आणि परीक्षा आली. पहिलाच पेपर गणिताचा, सकाळी नऊला. शाळेने बजावून ठेवलं होतं की साडेनऊनंतर कोणाला आत घेतलं जाणार नाही आणि हुकलेला पेपर पुन्हा होणार नाही. आधीच्या रात्री ठकी नीट जेवली नव्हती. सकाळी तिने लॅपटॉप, पेन, कोरे कागद, पाण्याची बाटली असं सगळं मांडलं आणि हात मांडीखाली घालून बसली.

"आज तरी राहू द्या ते कपाट," ठकीची आई म्हणाली.

"नियमाची परीक्षा परीक्षेच्याच दिवशी असते," हेडकॅशियर म्हणाले. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते कुलूप लावता लावता पुन्हा एकदा म्हटलं. आठला फोन आत गेले. किल्ली स्टुलावर गेली, स्टुलावरून वर गेली.

थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली, बोलणं ऐकू आलं, काहीतरी चिकटपट्टी ओढल्यासारखा आवाज झाला. कोणी लक्ष दिलं नाही. नऊला ठकीने परीक्षेचं पान उघडलं, आपला क्रमांक घातला, आणि पडद्यावर अक्षरं आली: पालकांच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.

कपाटातून आवाज आला. टिंग.

तिघांनी कपाटाकडे पाहिलं. ओटीपी हा प्रकार वर्षभरात एकदाही आला नव्हता. परीक्षेत भलताच कोणी बसू नये म्हणून शाळेने खास आजच्यासाठी ही व्यवस्था केली होती. एरवी हेडकॅशियरांनी तिचं कौतुकच केलं असतं.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "दुसरी किल्ली आणतो." आणि ते जिना चढून गेले. वरच्या मजल्यावर फौजदारांच्या दारावर लाल-पांढरी पट्टी फुलीसारखी चिकटवलेली होती. फौजदारांना ना ताप होता ना खोकला. त्यांनी परवा नुसत्या चौकशीच्या सवयीने तपासणी करून घेतली होती. आज सकाळी तिचा निकाल आला. फौजदार बाधित निघाले होते, आणि पालिकेने त्यांना किल्लीसकट घरात बंद केलं होतं.

हेडकॅशियर खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून ठकी उठूनच उभी राहिली. "बाबा, ऐका ना..."

"तू सूत्रं आठव! मध्ये बोलू नकोस!"

त्यांनी बायकोचा फोन हिसकावला आणि शाळेच्या मदत-क्रमांकावर लावला. पलीकडून एक अतिशय गोड आवाज म्हणाला, "सर, मदतीसाठी कृपया नोंदणीकृत मोबाइलवरूनच फोन करा."

"तो कपाटात आहे!"

"मग कपाटातून काढून करा, सर."

"क्रमांक बदलून घ्या माझा!"

"जरूर, सर. त्यासाठी जुन्या क्रमांकावर एक ओटीपी पाठवते."

टिंग, कपाट म्हणालं.

"अहो, ते दार फोडा सरळ," ठकीची आई म्हणाली.

"फोडा? बँकेत लावतात तसली कुलुपं आहेत ती! दरोडेखोरांना फुटत नाहीत, मला फुटतील?" संकटातही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होताच.

"बाबा, पण ते मागून..."

"मागून-बिगून काही नाही, आत्ताच!" असं ओरडून हेडकॅशियर एका पायात चप्पल आणि एका पायात बायकोची सपात घालून जिना उतरले.

इमारतीच्या खाली पालिकेचा निरीक्षक पाठीला औषधाचा पंप लावून उभा होता. त्याच्या डोक्यावर, वरच्या मजल्याच्या बाल्कनीत फौजदार. हेडकॅशियरांनी ओरडून सगळी हकीकत सांगितली. ती ऐकायला प्रत्येक बाल्कनीत माणसं आली, हे वेगळं सांगायला नको. फौजदारांनी लगेच सुतळीला किल्ली बांधून खाली सोडली. किल्ली हळूहळू उतरत आली आणि हेडकॅशियरांनी हात वर केला, तोच निरीक्षक मध्ये आला.

"बाधित घरातली वस्तू बाहेर नेता येत नाही."

"वस्तू नाही हो, किल्ली आहे!"

"किल्ली वस्तूच की. घरात औषध जाऊ शकतं, भाजी जाऊ शकते. घरातून बाहेर फक्त कचरा येऊ शकतो."

"मग ती कचरा म्हणून घ्या!" सेक्रेटरी आपल्या बाल्कनीतून म्हणाले. सल्ला द्यायला सेक्रेटरी कधी मागे राहत नाहीत. सगळ्यांना ही युक्ती पटली. फौजदारांनी सुतळी वर ओढली, किल्ली पिवळ्या पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि खाली सोडली. निरीक्षकाने ती ताब्यात घेतली आणि कचऱ्याच्या पिंपात टाकली.

"अहो, द्या ना ती!"

"कशी देऊ? बाधित कचरा आहे. तो आता पालिकेचा झाला."

"पंचनामा करा!" फौजदार वरून गरजले. "माझ्याकडून ऐवज काढून घेतलाय, पंचनामा झाल्याशिवाय मी सोडणार नाही!"

"अहो, ऐवज तुम्हीच खाली टाकलात," सेक्रेटरी म्हणाले.

"तुमच्या सांगण्यावरून! तुमचाही जबाब लागेल!"

हेडकॅशियरांनी वर पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या बाल्कनीत ठकीची आई उभी होती. ती काही ओरडत नव्हती. नुसते दोन्ही हात हलवत होती, मग एक बोट ओठांवर ठेवत होती, मग परत हात हलवत होती. बिचारीला धीर धरवत नाहीये, असं हेडकॅशियरांना वाटलं. त्यांनी तिला लांबून हात केला, "आलोच! आलोच!" तिने कपाळावर हात मारला आणि ती आत निघून गेली.

आणि मग हेडकॅशियर, ज्यांच्यापुढे चांगले चांगले कर्जदार हात जोडून उभे राहिले होते, ते कचऱ्याच्या पिंपापाशी सपातेचा पाय मागे लपवून उभे राहिले आणि त्यांनी निरीक्षकाला हात जोडले.

"माझ्या मुलीचं वर्ष आहे हो. तिची काही चूक नाही. ती बिचारी काल रात्रीपासून धड जेवलेली नाही. कुलूप मी लावलं. आजच्या दिवशी नको म्हणत होते सगळे, मीच ऐकलं नाही."

निरीक्षक काही बोलणार, तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. त्याने हातमोजा काढला, फोन कानाला लावला. "हां बेटा, आला, आला. थांब, सांगतो." आणि त्याने पडद्यावर बघून आकडे सावकाश, एकेक करून सांगितले. "लागला का? गेलीस आत? शाब्बास. घाई करू नकोस, प्रश्न नीट वाच." हेडकॅशियर त्याच्याकडे बघत राहिले. इतका सुखी माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

निरीक्षकाने फोन खिशात ठेवला आणि थोडा वेळ तो पिंपाकडे बघत राहिला. मग त्याने पिशवी काढली, कापली, आणि किल्ली औषधाच्या बादलीत टाकली. "दहा मिनिटं भिजू द्या," तो म्हणाला. "त्याच्या आत दिली तर माझी नोकरी जाईल." दोघं बादलीवर वाकून उभे राहिले. तळाशी किल्ली दिसत होती. वरून फौजदार वेळ सांगत होते.

हेडकॅशियरांनी किल्ली घेतली तेव्हा साडेनऊ वाजत आले होते. ते जिना चढले म्हणण्यापेक्षा पडत पडत वर गेले. घरात शिरले, उजवीकडे न बघता, डावीकडे न बघता थेट कपाटाला भिडले. पहिलं कुलूप उघडलं. किल्ली ओली होती, दुसरं कुलूप दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा उघडलं. तिरकी कडी ओढली आणि त्यांनी दोन्ही दारं धाडकन उघडली.

कपाटाच्या आतून ठकीची आई त्यांच्याकडे बघत होती.

"हळू," ती कुजबुजली. "पेपर चाललाय."

हेडकॅशियरांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. बायको तिथेच होती. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलेलं होतं, मागची फळी काढून बाजूला उभी केलेली होती, आणि ठकीची आई मागच्या फटीत उभी राहून केरसुणीने जळमटं काढत होती. म्हणजे, आता कपाट हललंच आहे तर. फोनच्या जागी काही नव्हतं. त्यांनी मान वळवली. टेबलाशी ठकी पाठमोरी बसली होती, तिच्या बाजूला त्यांचा फोन पडलेला होता, आणि ती खाली मान घालून भराभर लिहीत होती. एकदाही तिने मागे पाहिलं नाही.

त्यांना काय वाटलं ते सांगायचं तर, आधी त्यांना रडू आलं. मग ते खाली बसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कपाटात बसलोय.

पेपर संपला. ठकीने हात वर करून आळस दिला, एक प्रश्न सोडून सगळं आल्याचं सांगितलं, आणि खायला मागितलं. तिचं खाणं होईपर्यंत हेडकॅशियर थांबले. मग त्यांनी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "ती फळी निघते, हे तुला केव्हा कळलं?"

"कळायचंय काय त्यात? आम्हीच तर जोडलं होतं ना कपाट. नुसती खाचेत बसवलेली आहे. वर उचलली की निघते. सकाळी तेच तर सांगत होते, तुम्ही ऐकाल तर ना!"

"आणि तुलाही माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मागून झाडते कोण?" ती म्हणाली. "बाल्कनीतून तेवढा हात करत होते, की वर या, झालंय काम. ओरडायची सोय नाही, माइक चालू. तुम्ही आपले 'आलोच, आलोच'."

हेडकॅशियरांनी कपाटाच्या उघड्या पाठीकडे पाहिलं. बँकेत तिजोरीच्या भिंती बांधणारा माणूस वेगळा असतो. कॅशियरने फक्त दाराकडे बघायचं असतं. इतक्या वर्षांत दाराशिवाय दुसरीकडे बघायची वेळच आली नव्हती. पण त्यांच्या मनात सलत होतं ते दुसरंच.

"म्हणजे तू रोज..." ते म्हणाले, आणि थांबले.

ठकीने आपला फोन त्यांच्यापुढे सरकवला. "बघा हवं तर. सकाळचे सगळे निरोप जेवणाच्या वेळी उघडलेत. एक दिवस नाही मी फळी काढली."

त्यांनी फोनला हात लावला नाही. "का नाही काढलीस?" त्यांनी विचारलं, आणि हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

ठकीने जरा विचार केला. "पहिल्या दिवशी काढणार होते. पण तुम्ही इतक्या थाटात कुलुपं ओढून बघत होता, म्हटलं आज नको, उद्या काढू. मग दुसऱ्या दिवशीही वाटलं, उद्या काढू. मग सवयच झाली." आणि मग ती हसली. "आणि खरं सांगू? तुम्ही समोर बसून असे तळमळत होता ना बाबा, ते बघून मला अभ्यास सोपा वाटायचा."

आई खो-खो हसायला लागली. हेडकॅशियरही हसले, पण उशिरा, आणि थोडंच. मुलगी आपल्या डोळ्यांसमोर केव्हा एवढी मोठी झाली ते आपल्याला कळलंच नाही, असं त्यांना वाटत होतं. तसं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तिच्या डोक्यावर एक टपली मारली आणि म्हणाले, "जनावरांचं बघू आपण." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे, मंजूर."

फौजदार पंधरवड्याने पट्टीतून सुटले, तोवर त्यांचे बाल्कनीतून सगळ्या इमारतीचे जबाब घेऊन झाले होते. ठकीचे पेपर संपले होते आणि सगळे चांगले गेले होते. मधल्या काळात कपाटाला कुलूप नव्हतं, आणि बँकेच्या प्रशिक्षणात हेडकॅशियरांची आणखी एक बरणी फुटली होती. फौजदार बाहेर आले त्याच दिवशी ठकीने पाहिलं, तर बाबा कपाट भिंतीपासून पुढे ओढत होते. जवळ हातोडी होती आणि चांगले लांब खिळे होते.

"आता कशाला, बाबा? परीक्षा संपली की माझी."

"तुझ्यासाठी नाही," हेडकॅशियर म्हणाले. "मागून उघडतं हे आता मला माहीत झालंय."

ठकीने फळी धरली. नंतर त्यांच्या हातून हातोडी घेऊन खिळेही तिनेच ठोकले, कारण त्यांचा पहिलाच खिळा वाकला होता. फळी चारी बाजूंनी पक्की झाली. हेडकॅशियरांनी ती हलवून पाहिली, ओढून पाहिली, समाधानाने मान डोलावली. मग त्यांनी आपला फोन आत ठेवला, दोन्ही कुलुपं लावली, एक किल्ली खिशात टाकली आणि दुसरी घेऊन ते जिन्यातल्या स्टुलाकडे निघाले. दारातून त्यांनी मागे वळून पाहिलं. ठकीच्या हातात हातोडी होती.

"ती कुठे ठेवतेस, ते मला सांगू नकोस," ते म्हणाले.